ओजस सुट्टीत येण्याआधी

ती. आई-बाबांना,
सा. न.

ओजसच्या रिपोर्टमध्ये ट्रायग्लिसराइड वाढलेले ऐकून बाबा, तुम्ही म्हणालात, "इकडे आला की तूप-तेल बंदच." तसं करू नका. वाढत्या पोराला स्निग्ध पदार्थ हवेतच, आणि त्याच्या रक्तातली चरबी काही सगळी ताटातून आलेली नाही.

इन्सुलिन साखर पेशींत पोचवतं, तसंच अंगात साठलेल्या चरबीवर कुलूपही ठेवतं. ओजसच्या टाइप १ मधुमेहात ते बाहेरूनच द्यावं लागतं. कमी पडलं की मेदाम्लं सुटून रक्तात येतात. यकृत त्यांचे ट्रायग्लिसराइड बनवतं, आणि इन्सुलिन फारच कमी पडलं तर कीटोन, म्हणजे साठले की रक्त आंबट करणारे पदार्थ. परीक्षेच्या दिवसांत ओजसची साखर सारखी चढी होती. म्हणून डॉक्टरांनी आधी साखर आवाक्यात आणायला सांगितलंय, मग पुन्हा तपासणी.

आई, आता हे नीट वाच. ताप आला, उलट्या झाल्या, जेवला नाही, तरी इन्सुलिन बंद करायचं नाही. पोटात काही नसताना सुई कशाला, असं तुझ्या मनात येणारच. पण आजारपणात शरीर स्वतःच साखर सोडत असतं, आणि कुलूप उघडलं की कीटोन वाढायला वेळ लागत नाही. डोस किती ते मला विचार, रात्रीचे दोन वाजले असले तरी. साखर २५० च्या वरच राहिली तर लघवीत कीटोनची पट्टी बुडवून बघा. पट्ट्या बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात आहेत. पोटात दुखतंय, श्वास जोरात चाललाय, तोंडाला फळासारखा वास येतोय, असं काही दिसलं तर थेट हॉस्पिटल गाठा.

खाण्याचं म्हणशील तर बांगडे नि तारल्या बिनधास्त दे, फक्त रोज तळून नको. तुझं तिखलं त्याला आवडतंच. इथे मी जवसाची चटणी देते, पण जवसातल्या ओमेगा-३ या मेदाम्लापासून मासळीतलं ओमेगा-३ शरीर थोडंच बनवू शकतं, आणि त्या कामालाही इन्सुलिनची मदत लागते. मासळीत ते तयारच मिळतं. त्याने मधुमेह जाणार नाही, पण हृदयासाठी चांगलं. वरणभातावर चमचाभर तूप चालेल. बेकरीतली खारी मात्र नको.

कोंबडी-वडे केलेस तर एक लक्षात ठेव: तेलकट जेवणाने पोट सावकाश रिकामं होतं, त्यामुळे साखर तीन-चार तासांनी चढते. जेवणानंतरचा आकडा बरा दिसला म्हणून निश्चिंत होऊ नका, झोपण्याआधी पुन्हा बघा. याच कारणाने, साखर ७० च्या खाली गेली तर बाबा, पेढा किंवा चॉकलेट नको. त्यातली चरबी साखर रक्तात जायला उशीर लावते. ग्लुकोजचं पाणी द्या, पंधरा मिनिटांनी परत मोजा.

हापूस खाऊ दे त्याला. फोड वजनकाट्यावर ठेवून तो स्वतः हिशोब करतो आणि तेवढं इन्सुलिन घेतो. त्याला ते चारचौघांत करताना अजून लाज वाटते, म्हणून पाहुण्यांसमोर "बिचारा" म्हणू नका. मी सोडायला येतेय, दोन दिवस राहीन, पट्टी कशी बघायची ते तेव्हा दाखवते.

तुमची,
मेघा