गच्चीच्या दुरुस्तीबाबत अध्यक्षांना पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, व्यवस्थापक समिती,
देवपूर, धुळे

विषय: गारपिटीत झालेलं गच्चीचं नुकसान आणि त्याचा खर्च

स.न.वि.वि.

नाना, परवा सोसायटीच्या ग्रुपवर समितीचा निरोप आला, की गळती वरच्या मजल्याची आहे, तिथल्या सभासदांनी आपापसात बघून घ्यावं. यावर लेखी उत्तर दिलेलं बरं, म्हणून हे पत्र.

गच्ची वरच्या मजल्याची नाही. तिची किल्लीसुद्धा अध्यक्ष म्हणून आपल्याकडे असते. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे गच्ची, कठडा आणि पावसाच्या पाण्याची गळती हा खर्च सोसायटीचा. गच्चीतून पाणी झिरपून वरच्या फ्लॅटच्या छताचं प्लॅस्टर गेलं, तर तेही सोसायटीनेच करून द्यायचं. बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के दुरुस्ती निधी आपण सगळे भरतो तो याचसाठी. सिंकिंग फंडाला, म्हणजे मोठ्या दुरुस्तीसाठी वेगळ्या ठेवलेल्या निधीला, हात लावायचा तर सर्वसाधारण सभेचा ठराव लागेल, पण तिथवर जायची वेळ येईल असं वाटत नाही.

गारा थांबल्यावर वॉचमनसोबत मी वर गेलो होतो. जिन्याच्या टोपीचा, म्हणजे जिन्यावरच्या छपराचा, एक पत्रा हुकासकट उपटून टाकीशी पडलाय, दुसरा सुटून खडखडतोय. तो आधी बांधून घ्या, नाहीतर पुढच्या वाऱ्यात खाली पार्किंगमध्ये कोणाच्या तरी डोक्यावर येईल. बांधण्याआधी फोटो मात्र काढा. सोसायटीच्या विम्यात वादळाचं संरक्षण असेल तर कंपनीला लगेच कळवावं लागतं. जुनी झिरप विम्यात बसत नाही. उडालेला पत्रा बसू शकतो.

माझ्या घरातली गळती मात्र त्या पत्र्यामुळे नाही. मागच्या कोपऱ्यातल्या पाइपाचं तोंड संक्रांतीच्या मांजाने आणि निंबाच्या पाल्याने गच्च भरलं होतं, वर गारांचा थर. घोटाभर पाणी साचलेलं. "तठे कायम पानी तुंबस, भाऊ," वॉचमन म्हणाला. म्हणजे उतारच चुकलाय. त्याच जागी सोलरच्या स्टँडचे पाय आहेत. कोबा, म्हणजे स्लॅबवरचा सिमेंटचा थर, फोडून बोल्ट ठोकले आणि भोकं तशीच सोडली. माझ्या बेडरूममध्ये ठिबकतं ते नेमकं त्याखाली, आणि ते पाणी तांबूस आहे. सळईला गंज धरलाय. भोकांचा खर्च सोलरवाल्यांनी द्यावा की सोसायटीने, हा वाद सभेत होऊ द्या, त्यापायी काम अडवू नका.

दरवर्षीसारखं मेअखेर डांबर फासणं यंदा नको. आपल्याकडच्या उन्हात ते पाघळतं, पुढे तडकतं, आणि पहिल्याच पावसात पाणी खाली. सुटलेला कोबा काढून स्लॅब वाळू द्यावा, पाइपाकडे उतार काढून नवा कोबा करावा, कठड्याच्या कडेला गोलाई द्यावी, आणि शेवटी पाणी साठवून बघावं. नव्या कोब्यावर आठवडाभर तरी पाणी राखावं लागतं. एप्रिल-मेमध्ये नळाला पाणी किती दिवसांनी येतं ते आपण जाणताच. टँकर मागवून गच्चीवर ओतायचा का? शिवाय तेव्हा बिबड्या-कुरडयांसाठी अख्ख्या बिल्डिंगला गच्ची हवी असते. त्या दिवसांत मिस्तरीला वर पाठवून बघाच! म्हणून काम फेब्रुवारीतच लागावं, होळीपर्यंत आटपावं.

आणखी एक. १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, दर ५ वर्षांनी करायचं असतं. आपलं एकदाही झालेलं नाही. सळई गंजल्यावर तरी ते व्हावं.

रविवारी सकाळी दहाला मी एका मिस्तरीला बोलावलंय, फक्त बघून अंदाज द्यायला. समितीने आणखी दोन कोटेशन मागवावीत. तेवढी गच्चीची किल्ली शनिवारी रात्रीच वॉचमनकडे ठेवावी, आणि जमलं तर आपणही वर यावं.

आपला,
फ्लॅट क्र. ४०२

प्रत: सचिव, खजिनदार