नकलेचं वायरिंग

बडोदे, फेब्रुवारी २०२५

प्रिय बापू,

तुझं पत्र आधी काकांनीच फोडलं, त्यामुळे ‘त्या फायबरच्या नकलेवर अजून किती पैसे घालणार, भंगारात द्या’ हे काकांनी घरी बांधलेल्या पोर्शे स्पायडरबद्दलचं वाक्य लपवायची सोय राहिली नाही. ते चिडले नाहीत. चष्मा पुसत म्हणाले, “त्याला नीट सविस्तर कळव. अर्धवट लिहिलंस तर पुन्हा हेच विचारेल.” तेव्हा हे पत्र काकांच्या हुकमावरून आहे असं समज.

ऑगस्टच्या अखेरीला बडोद्यात काय झालं ते तू टीव्हीवर पाहिलंसच. शहरात पाऊस थांबेना, वरून आजवा धरणाचं पाणी, विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर. अकोट्याच्या छपरावर चढलेल्या मगरीचा फोटो तुम्ही पुण्यात बसून एकमेकांना पाठवत होतात. आमच्या कारेलीबागेत मात्र लोकांना मगरीपेक्षा इन्व्हर्टरची चिंता जास्त. माणसं वरच्या मजल्यावर गेली, फ्रिज टेबलावर चढला, आणि स्पायडर पोर्चमध्ये राहिली. ती उचलून नेणार कुठे?

काकांची ती आवडती गोष्ट तुला आठवत असेल. १९५४ ची मिल्ले मिलिया शर्यत, पोर्शे ५५० मध्ये हान्स हेरमान आणि शेजारी हेर्बर्ट लिंगे. समोर रेल्वेचं फाटक पडलेलं. हेरमानने ब्रेक न मारता लिंगेला खूण केली, दोघांनी माना खाली घातल्या आणि गाडी फाटकाखालून सरळ पलीकडे. एवढी ती बुटकी. मीटरभर उंचीचा तोच गुण पुरात अंगाशी आला. शेजारच्यांची स्कॉर्पिओ पायदानापर्यंत भिजली, आमची शिंगं बुडेपर्यंत बुडाली. पाणी उतरल्यावर सीटवर बोटभर गाळ होता, आणि वास कसला होता ते लिहीत नाही.

आता नकलेबद्दल. खऱ्या ५५० स्पायडर जगात नव्वदच्या आसपास बनल्या. एर्न्स्ट फुर्मानने काढलेलं चार कॅमशाफ्टचं दीड लिटरचं इंजिन, ११० अश्वशक्ती. आपली म्हणजे नळ्यांची चेसिस, काकांनी फोटोंवरून साचा काढून केलेली फायबरची बॉडी (नाक थोडं लांबच झालंय, पण त्यांच्यासमोर बोलायचं नाही), आणि एका मोडीत निघालेल्या बीटलचं इंजिन-गिअरबॉक्स. बीटलचं इंजिन मागच्या चाकांच्या मागे असतं, ५५० चं त्यांच्या पुढे. सगळा जोड उलटा फिरवला की चार गिअर रिव्हर्स आणि एक पुढे अशी गाडी तयार होते. म्हणून काकांनी गिअरबॉक्सच्या आतलं क्राउन व्हील (मोठं दातेरी चाक) दुसऱ्या बाजूला बसवलं होतं. एवढं डोकं लावलेली वस्तू मी भंगारात देऊ?

इंजिनचं थोडक्यात सांगतो. पाणी उतरल्यावर आमच्या गल्लीत जो तो गाडीला सेल्फ मारून बघत होता. सिलिंडरमध्ये पाणी असलं तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. ते दोन घरांत झालंच. आम्ही आधी प्लग काढले आणि इंजिन हाताने फिरवलं. प्लगच्या भोकांतून पाणी उडालं. मग ऑइल सोडलं, आधी नुसतं पाणी, मग दुधाळ रबडी. बीटलच्या या इंजिनला ऑइल फिल्टर नसतो, एक जाळी असते फक्त, म्हणून पुन्हा पुन्हा भरून सोडत राहिलो. खरा घोर होता बाहेरच्या गाळाचा. इंजिन हवेवर थंड होणारं; सिलिंडरच्या पात्यांमध्ये विश्वामित्रीची माती वाळून विटेसारखी बसली होती. वरून काही दिसत नाही, गाडी सुरूही झाली असती, आणि थोड्या अंतरात तापून चिकटली असती. पंख्याचं आवरण उतरवून लाकडी काडीने एकेक फट मोकळी केली. ब्लॉक मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा, त्याला ॲसिड चालत नाही. ब्रेकचं सगळं नवीन टाकलं, त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. चेसिसच्या नळ्या मात्र ठोकल्या तर भरीव आवाज. प्रत्येकीला तळाशी बारीक भोक पाडलं, तेव्हा आतून पाण्याची धार लागली.

आणि मग वायरिंग. तुला वाटतं तशी ती नुसती वाळवून चालली असती का? मलाही आशा होती. बाहेरून वायर धडधाकट दिसते. टोक सोललं की आतलं तांबं काळं. अजून वीतभर सोललं, अजून काळंच. पाणी तारांच्या मधल्या फटींतून इन्शुलेशनच्या आत चढत जातं, आणि अशा तांब्यावर झाळण धरत नाही. त्यातून बॅटरी जोडलेलीच राहिली होती, त्यामुळे ती उतरेपर्यंत पाण्यातून करंट वाहत होता. प्लसच्या बाजूच्या तारा अक्षरशः खाल्ल्या गेल्या, हिरवी पूड उरली. अर्थच्या, म्हणजे मायनसच्या, त्यामानाने बऱ्या. काकांचं जुनं काम म्हणजे त्या दिवशी दुकानात मिळेल त्या रंगाची वायर, पीळ दिलेले जोड आणि वर काळी टेप. टेपेच्या आत अजून पाणी होतं, महिन्यांनंतरही. सगळं कापून काढलं.

इथे आमचं वाजलं. काकांना होतं तसंच परत हवं होतं. मी त्यांना २०२३ च्या जानेवारीतलं लक्ष्मी विलास पॅलेसचं जुन्या गाड्यांचं प्रदर्शन आठवून दिलं. तिथे परीक्षक खाली वाकून वाकून कंपनीने जे लावलं होतं तेच आहे ना, ते बघत होते. खऱ्या गाडीच्या मालकाला कंपनीच्या चुकासुद्धा जपाव्या लागतात. आपल्याला कोण विचारतंय? आरटीओच्या लेखी तर ही गाडीच नाही, ट्रॉलीवर चढून मैदानापर्यंत जाते आणि तिथेच फिरते. नक्कल असण्याचा एकुलता एक फायदा आहे, तो घ्यायचा नाही का? काका बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “रंग तरी जर्मन ठेव.”

तेवढं मी आनंदाने मान्य केलं. जर्मन पद्धतीत प्रत्येक टोकाला आकडा असतो: ३० म्हणजे बॅटरीतून थेट, लाल, १५ म्हणजे चावी फिरवल्यावर येणारा, काळी, ३१ म्हणजे अर्थ, तपकिरी, ५० स्टार्टरला. आपण इंजिनिअरिंगला कलाभवनमध्ये ज्या मापाच्या शीटवर ड्रॉइंग काढायचो तसल्याच शीटवर नकाशा काढला, मग दिवाणखान्यात प्लायवर गाडीचा आराखडा आखून खिळे ठोकले आणि त्यावर हार्नेस (सगळ्या वायरींचा जुडगा) विणला. बायको पाहुण्यांना सांगायची, तोरण करतोय.

लोखंडी गाडीत दिव्याला एकच वायर पुरते, परतीचा करंट पत्र्यातून जातो. फायबरमधून काय जाणार? काकांनी प्रत्येक दिव्याचा अर्थ जवळच्या नळीला कसला होता, पेंटवरच. म्हणूनच डावा इंडिकेटर दिला की मागचा दिवा मिणमिणायचा. तो प्रकार तुला माहीत आहे, तू त्याला काकांची डिस्को म्हणायचास. आता प्रत्येक दिव्याला स्वतःची तपकिरी वायर, सगळ्या एका तांब्याच्या पट्टीवर आणल्या (पट्टी मकरपुरा जीआयडीसीतून, स्विचगिअरवाल्याकडे तुकडा पडला होता), आणि तिथून जाड केबल गिअरबॉक्सला व बॅटरीला. जोड झाळले नाहीत, क्रिंप केले, म्हणजे टोकावर दाबून बसवले. झाळलेल्या जागी वायर ताठ होते आणि हादऱ्याने नेमकी तिथेच तुटते.

हेडलाइटला रिले टाकले, म्हणजे थोड्या करंटवर चालून मोठा करंट जोडणारे स्विच. ६० वॅटचे दोन बल्ब म्हणजे १० अँपिअर, तो सगळा आधी डॅशबोर्डवरच्या स्विचमधून जायचा. जुन्या कनेक्शनमध्ये ओहमचा दहावा भाग जरी अडला तरी एक व्होल्ट वाटेतच संपतो, आणि व्होल्टेज दहा टक्के पडलं की उजेड जवळपास तीस टक्के पडतो. काका म्हणाले, मूळ गाडीत रिले नव्हते. मी म्हटलं, मूळ गाडीत ६० वॅटही नव्हते. फ्यूजच्या बाबतीत मात्र त्यांच्या सवयीची काळजी घ्यावी लागली. जुन्या चिनीमातीच्या फ्यूजमध्ये पांढरा ८ अँपिअरचा, लाल १६ चा. आताच्या ब्लेड फ्यूजमध्ये लाल म्हणजे १०. झाकणाच्या आत मोठे आकडे लिहून ठेवलेत.

बॅटरी तोडणारा मास्टर स्विचही आता आहे. त्यात एक मेख असते. नुसती बॅटरी तोडली तर चालू इंजिन डायनामोच्या जोरावर चालतच राहतं, म्हणून त्याच स्विचच्या दुसऱ्या जोडीतून प्लगला ठिणगी देणाऱ्या कॉइलची वायर नेली. फिरवला की सगळं ठप्प.

डायनामो मी बदलणार होतो. मकरपुऱ्यातल्या वाइंडिंगवाल्याने तो उघडला, भट्टीत सुकवला, आर्मेचर पुन्हा भरलं आणि म्हणाला, “भाई, असा माल आता येत नाही.” बसवल्यावर चार्जिंगचा लाल दिवा काही विझेना. मी मीटर घेऊन रेग्युलेटरशी झटत होतो. काका खुर्चीतूनच म्हणाले, “त्याचं चुंबकत्व गेलंय. पट्टा काढ आणि बॅटरीवर मोटरसारखा क्षणभर फिरव.” फिरवला. पट्टा चढवून इंजिन सुरू केलं, रेस दिली, दिवा विझला. त्यानंतरचा अख्खा आठवडा आमच्याकडे जो येईल त्याला ही हकीकत ऐकावी लागली. तू होळीला येशील तेव्हा पहिल्यांदाच ऐकतोयस असं दाखव.

पैशाचं विचारलं होतंस. वायर, रिले, फ्यूज मिळून फार झाले नाहीत. गेले ते ब्रेक आणि रबरात. विमा नव्हताच, कारण कागदच नाहीत. आणि हो, एक बरी सेकंडहँड गाडी आली असती हे खरं आहे. ती पोर्चमध्ये उभी करून मी काय केलं असतं?

मागचे दिवे आणि नंबरप्लेटचा दिवा (नंबर नाही, तरी काकांना दिवा हवाच) एवढं राहिलंय, आणि तपकिरी वायर संपली. इथे घेतो तो दुकानदार सांगतो, रोल मागवावा लागेल. येताना पुण्यात तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रिकच्या दुकानांत बघ. एक चौरस मिलिमीटरची, बारीक तारांची, वीस मीटर पुरे. तो ‘अर्थला काळी घ्या ना, सगळे काळीच घेतात’ म्हणेल. घेऊ नकोस. आमच्या गाडीत काळी म्हणजे पंधरा.

तुझा,
नाना