दमदमच्या भिंतीवर एक नकाशा हवा

मा. केंद्रीय नागरी विमान वाहतूक मंत्री यांस,
राजीव गांधी भवन, नवी दिल्ली

सप्रेम नमस्कार. कोलकात्याच्या दमदम विमानतळावर एक नकाशा लावावा, ही विनंती.

या पत्राला कारण एक पुस्तक आहे आणि ते पुस्तक वाचून व्हायला कारण धुकं. गेल्या हिवाळ्यात अरुणाचलातून भटकून परतताना पूर्वेकडच्या एका विमानतळावर आमचं विमान पाच तास अडकलं. विमानतळाचं नाव लिहीत नाही, तिथल्या लोकांनी चहा चांगला पाजला होता. सॅकमध्ये ग्रेगरी क्राऊच यांचं ‘चायनाज विंग्ज’ होतं. पुस्तक 2012 चं, पण माझ्या हाती उशिरा आल्यामुळे माझ्यासाठी नवंकोरं. पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीनंतर आणि दुसऱ्याच्या ऐन भरात चीनमध्ये प्रवासी विमानसेवा उभी करणाऱ्या लोकांची ती हकिकत आहे.

क्राऊच मूळचे गिर्यारोहक. पॅटागोनियातल्या सेरो टोरेच्या पश्चिम बाजूने हिवाळ्यात पहिल्यांदा माथा गाठला गेला तो 1999 मध्ये, आणि त्या चौघांत ते होते. डोंगरातला माणूस विमानांच्या मागे कशाला लागला, असं मलाही आधी वाटलं. मग वाचता वाचता उलगडा झाला. दोन्हीकडे धंदा एकच. हवा उघडण्याची वाट बघत बसायचं आणि नाहीच उघडली तर मुकाट मागे फिरायचं. आम्ही एकदा लिंगाण्यावरून साठेक फूट उरलेले असताना ढग आले म्हणून दोर खाली सोडला होता. त्या दिवसाबद्दल आमचा सत्कार अजून कुणी केलेला नाही. मागे फिरलेल्या वैमानिकाचाही कुणी करत नाही.

आता मुद्दा. चायना नॅशनल एव्हिएशन कॉर्पोरेशन ही कंपनी, तिला सगळे ‘सीनॅक’ म्हणत. 1933 पासून तिच्यात 55 टक्के वाटा चिनी सरकारचा आणि 45 टक्के अमेरिकेच्या पॅन ॲम या विमान कंपनीचा. विल्यम लँगहॉर्न बाँड नावाचा व्हर्जिनियाचा गृहस्थ 1931 मध्ये चीनला आला आणि पुढे तिचा कणा झाला. तो वैमानिक नव्हता, बांधकामावरचा माणूस होता. टपाल न्यायचं, प्रवासी न्यायचे, वेळापत्रक पाळायचं, हे त्याचं काम. मंत्री महोदय, आपल्या खात्याचं जे काम आहे तेच. फरक एवढाच की त्याच्या मार्गावर जपानी लढाऊ विमानं फिरत होती.

24 ऑगस्ट 1938 ला हाँगकाँगहून चुंगकिंगला (आजचं चोंगचिंग) निघालेल्या ‘क्वेलिन’ या प्रवासी विमानाला त्यांनी गाठलं. वैमानिक ह्यू वुड्सने विमान नदीत उतरवलं, तर तरंगणाऱ्या विमानावरही गोळीबार चालू राहिला. चौदा माणसं गेली. वुड्ससह तिघे वाचले. शत्रूने हवेत हल्ला करून पाडलेलं जगातलं पहिलं प्रवासी विमान म्हणून ते ओळखलं जातं. त्यानंतर कंपनीने सेवा बंद केली नाही, वेळापत्रक बदललं. लख्ख चांदणं असेल तर निघायचं नाही, ढग आणि अंधार असेल तर निघायचं. जगभरचे वैमानिक ज्या हवेला घाबरतात तीच यांचं चिलखत झाली.

मला स्वतःला पुस्तकातला सगळ्यात आवडलेला भाग शौर्याचा नाही, गॅरेजचा आहे. मे 1941 मध्ये सुइफू इथे (आजचं यिबिन) कंपनीचं एक डीसी-3 जमिनीवर उभं असताना बॉम्बने त्याचा उजवा पंख उडाला. डीसी-3 चा सुटा पंख कुठेच शिल्लक नव्हता. हाँगकाँगला होता तो डीसी-2 चा, थोरल्या पण लहान अंगाच्या भावाचा, पाचेक फुटांनी आखूड. मेकॅनिकांनी तो दुसऱ्या एका विमानाच्या पोटाखाली बांधला आणि शेकडो मैल उडवत नेला. बोल्टांची ओळ जुळली. मग एक पंख लांब, एक आखूड असं ते विमान हाँगकाँगला परत आलं. इंग्रजीत त्याला डीसी-दोन-आणि-एक-द्वितीयांश म्हणतात. आपल्याकडे असतं तर सरळ ‘अडीच’ म्हटलं असतं आणि एसटीच्या डेपोत त्यावर वर्षभर गप्पा झाल्या असत्या.

8 डिसेंबर 1941 ला हाँगकाँगच्या काय टाक विमानतळावर बॉम्ब पडले, कंपनीची बरीच विमानं जमिनीवरच जळाली. उरलेल्यांनी पुढच्या दोन-तीन रात्री अंधारात शेकडो माणसं बाहेर काढली. एप्रिल 1942 च्या शेवटी बर्मातलं लाशिओ जपान्यांच्या हाती पडलं, तिथून चीनला जाणारा बर्मा रोड बंद झाला आणि चीनला माल पोहोचवण्याची एकच वाट राहिली: आसाममधून, पटकाई आणि त्यापलीकडच्या रांगांवरून, चीनमधल्या कुनमिंगला. हीच ‘हंप’. आपल्याकडे हंप म्हटलं की गाडीचा खालचा भाग घासणारा गतिरोधक आठवतो. इथला गतिरोधक पंधरा हजार फुटांचा होता.

या वाटेची पाहणी सीनॅकच्या लोकांनी 1941 संपण्याआधीच करून ठेवली होती, अमेरिकी लष्कराला तिची गरज पडण्याच्या कितीतरी आधी. विमानात एक वैमानिक, एक सहवैमानिक आणि एक रेडिओवाला, एवढाच संच. बहुतेक वेळा त्यातले दोघे चिनी. केबिनमध्ये हवेचा दाब राखायची सोय नाही, तोंडाला ऑक्सिजनचा मास्क, पाठीमागे दोरांनी आवळलेली पेट्रोलची पिंपं. पंखांवर बर्फ चढू लागला की विमान दगडासारखं जड होतं. येताना चीनमधून टंग्स्टनचं खनिज, कथील आणि डुकराचे केस यायचे. केस ब्रशांसाठी, युद्धात रंगाऱ्यालाही काम असतंच. एप्रिल 1942 पासून युद्ध संपेपर्यंत या कंपनीने हंपवर 38 हजारांहून जास्त फेऱ्या केल्या.

आणि या सगळ्याचं अर्धं टोक भारतात होतं. माल चढायचा आसाममधल्या दिंजानला. तिथल्या आणि आसपासच्या धावपट्ट्यांसाठी दगड वाहिले ते चहामळ्यांतल्या मजुरांनी. मोठी दुरुस्ती आणि मुख्य ठाणं कोलकात्याच्या दमदमला. 1942 च्या मे महिन्यात मून चिन नावाच्या चिनी-अमेरिकी वैमानिकाने बर्मातल्या मिचिनाहून शेवटच्या घटकेला विमान काढलं, एकवीस जणांच्या विमानात सत्तरहून अधिक माणसं कोंबून. टोकियोवर बॉम्ब टाकून नुकताच चीनमधून परत निघालेला जिमी डूलिटल त्यात होता. विमानाने गाठलं ते कोलकाता. मून चिन 2023 मध्ये एकशेदहा वर्षांचा होऊन गेला. म्हणजे ही गोष्ट आपल्याला वाटते तेवढी जुनी नाही. 2023 पर्यंत तिला विचारायला माणूस होता.

आता गाऱ्हाणं, आणि ते छोटं आहे. त्या धुक्याच्या दिवशी मी विमानतळावरच्या पाच-सात जणांना विचारलं की इथून चीनला विमानं जायची ती कुठून? एकाने दुकानांच्या रांगेकडे बोट दाखवलं, एकाने सेल्फी पॉइंटकडे. कुणाची चूक नाही. ज्याला कुणी सांगितलंच नाही तो काय सांगणार.

लष्कराची आठवण ठेवण्याचं काम सुरू झालेलं आहे, हे मान्य. नोव्हेंबर 2023 मध्ये पासीघाटला हंपचं संग्रहालय उघडलं, अरुणाचलच्या डोंगरात सापडलेले विमानांचे अवशेष तिथे आहेत. अमेरिकी सैनिकांचे अवशेष मायदेशी पाठवण्याचं कामही आपल्या देशाने केलं आहे. पण पासीघाटची गोष्ट मुख्यतः पडलेल्यांची आहे. वाट ज्यांनी आखली ते गणवेशातले सैनिक नव्हते, एका विमान कंपनीचे पगारी नोकर होते. त्यांचं वेळापत्रक होतं, वजनाचा काटा होता, उशिराची सबब होती. म्हणून हे पत्र संरक्षण मंत्र्यांना नाही, आपल्याला आहे.

चीनने आपल्या बाजूचं काही केलं आहे. सीनॅकचं 53 क्रमांकाचं विमान मार्च 1943 मध्ये युन्नानच्या सीमेवर डोंगराला धडकलं होतं. कंपनीच्याच एका माजी वैमानिकाने म्हातारपणी ते शोधून काढलं, 1997 मध्ये. आज ते पिएनमा गावच्या संग्रहालयात ठेवलेलं आहे. डोंगरातला एवढाला सांगाडा खाली आणायचा म्हणजे काय काम असतं, हे दोर ओढलेल्या माणसाला विचारा.

एक गोष्ट महाराष्ट्राच्या हक्काची, म्हणून थोडं विषयांतर. युद्धातला चीन म्हटलं की आमच्याकडे सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात. 1938 मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषबाबू असताना पाच डॉक्टरांचं पथक गेलं, त्यात कोटणीस होते आणि नागपूरचे डॉ. चोळकरही. त्याच सोलापूरचे वालचंद हिराचंद. 1940 च्या डिसेंबरात बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट उभी राहिली तेव्हा त्यांचा भागीदार होता विल्यम पॉली. हा तोच पॉली जो तिशीच्या दशकाच्या सुरुवातीला सीनॅकचा अध्यक्ष होता आणि नंतर चीनला विमानं विकून, जोडून देत होता. म्हणजे आपल्या विमान कारखान्याची नाळही तिकडेच जाते. आणि दमदमच्या ज्या विमानतळावरून जपानविरुद्धची रसद जात होती त्याला आज नाव आहे सुभाषबाबूंचं, जे पुढे जपानच्या मदतीने लढले. इतिहास असाच वाकड्या वाटेने चालतो. त्याला सरळ करायच्या फंदात पडू नये, दोन्ही गोष्टी एकाच भिंतीवर मावतात.

तर मागणी एका भिंतीची आहे. पाच वर्षांहून जास्त काळ बंद असलेली भारत-चीन थेट विमानसेवा 26 ऑक्टोबर 2025 ला पुन्हा सुरू झाली, आणि पहिलं विमान गेलं ते कोलकात्याहूनच, ग्वांगचौला. त्या विमानाच्या गेटकडे जाणाऱ्या वाटेवर एक नकाशा लावा: दमदम, दिंजान, कुनमिंग, चुंगकिंग. पुतळा नको, फिरती प्रकाशयोजना नको. ‘अडीच’चं एक रेखाचित्र मात्र हवं, पोरं तिथे थांबतील. मजकूर बांगला, असमिया, हिंदी, चिनी आणि इंग्रजीत असावा. चिनी सहवैमानिक आणि रेडिओवाले यांची नावं अमेरिकनांच्या खाली बारीक अक्षरात नकोत. चहामळ्यातल्या बायामाणसांची नावं कदाचित कुठल्याच यादीत मिळणार नाहीत, तर निदान ‘धावपट्टी यांनी बांधली’ एवढी ओळ असू द्या. आणि 1941 ते 1945 ची नागरी विमान वाहतुकीची जी जुनी दप्तरं सरकारकडे असतील, ती राष्ट्रीय अभिलेखागारामार्फत अभ्यासकांना खुली करा. एका अमेरिकी गिर्यारोहकाने आपल्या बाजूने दोर टाकून ठेवला आहे. आपल्या बाजूचा खिळा अजून कुणी मारलेला नाही.

मजकुराचा कच्चा मसुदा हवा असेल तर मी लिहून देतो, फुकट. तपासून घ्यायला मात्र चिनी येणारा माणूस लागेल.

आपला,
सह्याद्रीत दोर ओढणारा एक वाचक
नाशिक