सात सह्या आणि नांदेडची बदली: कामगार मंत्र्यांना खुले पत्र

मा. कामगार मंत्री, महाराष्ट्र राज्य,
स. न. वि. वि.

कापड दुकानात, मॉलमध्ये, सुपरमार्केटात काम करणाऱ्यांना संघटना करायला कायद्याची आडकाठी नाही. नोंदणीच्या अर्जाला आस्थापनेतल्या कामगारांपैकी 10 टक्के किंवा 100, यांत जो आकडा कमी तेवढे सभासद लागतात, पण 7 पेक्षा कमी चालत नाहीत. म्हणजे 60 जणांच्या शोरूमला 7 सह्या पुरतात, 90 जणांच्या शोरूमला 9. एवढ्या सह्यांसाठी लातूरच्या गंजगोलाईत किंवा छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडीत महिनेच्या महिने का जातात, हे आपल्या खात्याने जाणून घ्यावे म्हणून हे पत्र.

आमच्याकडे माणूस दुकानात लागतो तो कोणाच्या तरी ओळखीने. मामा, मेहुणा नाहीतर गावचा सरपंच शब्द टाकतो. संघटनेची कुणकुण लागली की शेठ त्या कामगाराला काही बोलत नाही, फोन थेट मामाला जातो. वर लग्नासाठी, दवाखान्यासाठी घेतलेली उचल असतेच. म्हणून सहीचा कागद सगळ्यात शेवटी निघतो. आधी यादी होते: काउंटर, बिलिंग, गोदाम, अल्टरेशनचे टेलर, सफाई, कोण कोणत्या पाळीला, कोण कोणाच्या ओळखीने लागला, कोणाची उचल किती फिटायची राहिली. ही वही घरी ठेवायची, दुकानाच्या वायफायवर एक अक्षर नाही. बोलणे एकाशी एक, शेअर रिक्षात किंवा एसटी स्टँडवर, आणि पहिल्या भेटीत ‘युनियन’ हा शब्दही काढायचा नाही.

विषय काढायचा शॉर्टेजचा. मोजणीत माल कमी भरला की अख्ख्या मजल्याच्या पगारातून सारखे पैसे कापले जातात. कायद्याने ही कपात फक्त ज्याच्या ताब्यात माल दिला होता त्याच्याकडून करता येते, तीही त्याची हयगय ठरली तर आणि त्याचे म्हणणे ऐकून घेतल्यावर. हा विषय साडीच्या काउंटरपासून गोदामापर्यंत प्रत्येकाला टोचतो, आणि कोण मोकळा बोलतो, कोण इकडेतिकडे बघून बोलतो, तेही लगेच कळते.

बिघडते ते बहुधा व्हॉट्सॲप ग्रुपने. उत्साहात कोणीतरी ग्रुप काढतो, त्यात फ्लोअर मॅनेजरचा भाचा असतो आणि संध्याकाळपर्यंत स्क्रीनशॉट केबिनमध्ये पोचतो. तावातावाने बोलणाऱ्याला पुढे केले तरी घात होतो, कारण त्याच्या मागे कोणी येत नाही. रजेचा अर्ज कसा लिहायचा, पगाराचा हिशेब बरोबर आहे का, हे बाकीचे ज्याला विचारतात तो माणूस लागतो. अनेकदा ती साडी विभागातली जुनी, कमी बोलणारी बाई असते. सातही सह्या एकाच काउंटरच्या असतील तर मालक तो काउंटरच बंद करतो. वेळही बघावी लागते. पितृपाठात गिऱ्हाईक नसते, बोलायला सवड मिळते, पण माणसे कमी करायचा हंगामही तोच. सह्या दिवाळीच्या तोंडावर केलेल्या बऱ्या, तेव्हा शेठला अनुभवी हात सोडवत नाहीत.

इथपर्यंत कामगार आपल्या हिमतीवर येतो. पुढचा खड्डा सरकारी आहे.

अर्जात सह्या करणाऱ्यांची नावे, काम आणि पत्ते द्यावे लागतात. ती नावे दुकानापर्यंत पोचतात. कशी, ते शोधणे आपल्या खात्याचे काम. मग कोणाला काढत नाहीत, बदली करतात. संभाजीनगरात घर, पोरांची शाळा असलेल्या बाईच्या हातात नांदेडच्या शाखेची ऑर्डर पडते, ती राजीनामा देते आणि कागदावर सगळे राजीखुशीने झालेले दिसते. द्वेषबुद्धीने केलेली बदली ही राज्याच्या 1971 च्या कायद्यातही अनुचित कामगार प्रथा आहे आणि नव्या औद्योगिक संबंध संहितेतही. पण द्वेषबुद्धी सिद्ध कामगाराने करायची, आणि निकालापर्यंत सातांतले तिघे दुसरीकडे लागलेले असतात.

दुकानांना माणसे पुरवणाऱ्या एजन्सीचा घोळ वेगळाच. समजा 7 सह्यांतल्या तिघांचा पगार एजन्सीच्या नावाने निघतो. मालक म्हणतो, ही आमची माणसेच नव्हेत; अर्ज 4 वर येऊन पडतो. म्हणून सही करणाऱ्याने ड्यूटी चार्टचे फोटो, ओळखपत्र आणि आपला सेल्समन कोड छापलेली बिले आधीच जपून ठेवावी लागतात.

त्यात सप्टेंबर 2025 मध्ये मंत्रिमंडळाने दुकाने व आस्थापना कायद्यात बदल मंजूर केले: दिवसाचे तास 9 चे 10, तिमाहीतले जादा काम 125 चे 144 तास, आणि कायद्याची व्याप्ती 10 ऐवजी 20 कामगारांपासून. बारा-पंधरा माणसांच्या दुकानाने आता कोणाकडे बघायचे?

आमचे मागणे फार नाही. अर्जदारांची नावे सीलबंद राहावीत, मालकाला फक्त संख्या कळावी. मालक-कामगार वादात सरकारी अधिकाऱ्यापुढे समेटाची कार्यवाही चालू असताना त्या वादातल्या कामगाराला वादाशी निगडित कारणावरून लेखी परवानगीशिवाय काढता येत नाही, वादाच्या विषयातल्या त्याच्या सेवाशर्तीही बदलता येत नाहीत. तेच संरक्षण अर्ज दिल्याच्या दिवसापासून मिळावे आणि त्यात बदली व पाळीबदल स्पष्ट लिहावेत. सभासदांची पडताळणी गुप्त मतदानाने, साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, कामगार कार्यालयात व्हावी. दुकानात मॅनेजर दारात उभा असताना घेतलेल्या जबाबाला आम्ही पडताळणी मानत नाही.

पाळीबदल आणि गुप्त मतदानाबाबत परिपत्रक काढून सुरुवात करता येईल. काढणार असाल तर पितृपाठाआधी काढा. घटस्थापनेनंतर दुकानात कोणाला पाणी प्यायलाही फुरसत नसते.

आपले,
मराठवाड्यातल्या दुकान कामगारांत काम करणारे कार्यकर्ते