तंबाखूच्या जागी काय

चि. अमोल यास आबांचे अनेक आशीर्वाद.

तंबाखू बंद करायची हे ठरलंच आहे. पण तिच्या जागी चारही एकर टोमॅटो लावायचा तुझा बेत मला पटत नाही. १९८१ साली निपाणीच्या तंबाखू शेतकऱ्यांना भावासाठी हमरस्त्यावर बसावं लागलं, कारण घरात दुसरा माल नव्हता. एक पीक काढून दुसरं एकच पीक घेतलं तर फक्त व्यापारी बदलतो.

दुसरं कारण जमिनीतलं. वरच्या दोन एकरांत बंबाखू आहे, म्हणजे दुसऱ्या पिकाच्या मुळाला चिकटून त्याचा रस शोषणारं तण. त्याचं बी धुळीसारखं बारीक, दहा वर्षांहून जास्त जिवंत राहतं आणि टोमॅटो-वांग्याच्या मुळांवरही चढतं. तंबाखूच्या रानात मुळांवर गाठी करणारी सूत्रकृमी, म्हणजे डोळ्यांना न दिसणारी बारीक अळी, असते, तिलाही टोमॅटो चालतोच. म्हणून तिथं आधी मूग आणि मागं शाळू (रब्बी ज्वारी) घे. बांधाकडच्या चार ओळी तिळाच्या. या पिकांच्या मुळांतून पाझरणाऱ्या द्रवानं बंबाखूचं बी रुजतं, पण त्याला मुळाला चिकटता येत नाही, उपाशी मरतं. एका हंगामात रान साफ होणार नाही. तीन-चार वर्षं तिथं टोमॅटो-वांगं नकोच. कुठं बंबाखू दिसला तर फुलायच्या आत उपटून जाळ. म्हशीपुढं टाकू नकोस, बी शेणातून जिवंतच खतात येतं.

मूग जूनमध्ये वापशावर (पावसानंतर रान पेरणीजोगं सुकलं की), एकरी ५-६ किलो, दोन ओळींत ३० सेंमी. ६५-७० दिवसांत येतो. बऱ्याच शेंगा काळ्या पडल्या की तोडणी सुरू कर. सगळ्या वाळायची वाट बघितलीस आणि पाऊस लागला तर शेंगेतच मोड येतात. मग सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात शाळू, एकरी ४ किलो, ४५ सेंमीवर. किलोभर बियाला ४ ग्रॅम गंधक चोळ, नाहीतर कणसात काणी येते, दाण्याची काळी भुकटी होते. कडबा म्हशींना वर्षभर पुरेल.

खालच्या दीड एकरात सोयाबीन. आपल्याकडं पानांवरचा तांबेरा रोग हटकून येतो, म्हणून ‘फुले संगम’ हा वाण घे. घरचं बी असेल तर १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून बघ, ७० रुजले तरच पेर. एकरी ३० किलो, ४५ सेंमीवर, ३-४ सेंमीपेक्षा खोल नको. खोल गेलेलं बी वर येत नाही. आधी बुरशीनाशक लाव, ते सुकल्यावर सावलीत रायझोबियम हे जिवाणू खत, १० किलोला २५० ग्रॅम, आणि त्याच दिवशी पेर. तंबाखूच्या सवयीनं युरिया ओतू नकोस, नुसता पाला वाढतो आणि पीक लोळतं. ऑक्टोबरात काढणी झाली की लगेच ‘विजय’ वाणाचा हरभरा, बियाला ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) किलोला ५ ग्रॅम. झाडं वाळवणारा मर रोग पीक उभं राहिल्यावर आवरत नाही.

विहिरीलगतचा अर्धा एकर चारा आणि घरच्या भाजीला. ऊस मी मुद्दाम धरला नाही: पाणी पितो आणि तोड कारखान्याच्या मर्जीवर येते.

असं केलंस तर ऑगस्ट-सप्टेंबरात मुगाचे, ऑक्टोबरात सोयाबीनचे, उन्हाळ्याच्या तोंडाला हरभऱ्याचे आणि शाळूचे पैसे येतील. मधल्या काळात दूध आहेच. तंबाखूसारखी रक्कम एकदम हाती दिसणार नाही, म्हणून सोसायटीच्या हप्त्याची तारीख सोयाबीनच्या पैशाला धर.

मे संपायच्या आत दोन्ही रानांची माती वेगवेगळ्या पिशव्यांत तपासायला दे. खताच्या ढिगाजवळची आणि बांधाकडेची घेऊ नकोस.

तुझे आबा