बाक नव्हे, खिळ्यांची केस

उट्रेख्त, नेदरलँड्स, 3 मे

तीर्थरूप आप्पांस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर मी तीनदा ओरडून सांगितलं, तरी तुम्हाला ‘बाक’ एवढंच ऐकू आलं आणि तुम्ही घरभर सांगितलंत की पोरीने बसायला बाक घेतलं. आप्पा, बाक नव्हे, लेटरबाक! इकडे बाक म्हणजे ट्रे. खिळ्यांची केस, म्हणजे छपाईची शिशाची सुटी अक्षरं ठेवायचा कप्प्यांचा ट्रे आणलाय मी, छापखान्यातला खराखुरा. फोनवर हे काही जमेना, म्हणून पत्र. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय, भिंग लागू नये.

आधी आईची समजूत काढते. ती म्हणाली, “एवढं शिकवलं ते लोकांनी टाकलेलं उचलायला का?” तिला सांगा, इथे भाड्याने घर मिळतं ते बऱ्याचदा ‘काल’ मिळतं. हा डच शब्द, अर्थ उघडंबोडकं. टकलालाही हाच शब्द, तेव्हा तुमच्या डोक्यासारखं म्हटलं तर रागावू नका. काल म्हणजे किती काल? दिवे नाहीत, पडदे नाहीत, जमीनसुद्धा नाही. आधीचा भाडेकरू खालच्या लाकडी पट्ट्या उखडून घेऊन गेला होता, कारण त्या त्याच्या होत्या! आम्ही महिनाभर सिमेंटवर सतरंजी टाकून राहिलो. सगळं नवं घ्यायचं तर तुमच्या नातजावयाचा वर्षाचा पगार गेला असता.

मग शेजारच्या आजींनी क्रिंगलोपचा रस्ता दाखवला. क्रिंगलोप म्हणजे चक्र. लोकांनी दिलेलं सामान जिथे पुन्हा विकतात ते दुकान. इथे डॉक्टरीणबाईही तिथे दिसतात आणि विद्यार्थीही. आणि अवजड सामान फुटपाथवर ठेवायचा दिवस असतो, तेव्हा पहाटेच फिरून चांगलं काही शोधणाऱ्यांना काय म्हणतात माहितेय? मोर्गनस्टर. शुक्राची चांदणी! आपल्याकडे अशा माणसाला काय म्हणतात ते मी लिहीत नाही.

केस मात्र दुकानातली नाही, राजाच्या वाढदिवसाची. 27 एप्रिलला राजाचा वाढदिवस असतो आणि त्या दिवशी देशात कुणीही, परवाना न काढता, रस्त्यावर पथारी पसरून घरातल्या जुन्या वस्तू विकू शकतं. आमच्या गावात तर आदल्या संध्याकाळी सहापासूनच सुरू. जागा धरायला लोक आधीच फरशीवर खडूने ‘बेझेट’ लिहून जातात, म्हणजे ‘भरलेलं’. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकण्याचा प्रकार. सगळे नारिंगी कपड्यांत. आठ-दहा वर्षांची पोरं आपली खेळणी मांडून बसतात आणि घासाघीस आपल्या मंडईवालीच्या वरताण करतात. तुमच्या पणतीने एका मुलाला तीन युरोंची बाहुली एकावर आणायला लावली. कुणावर गेलीय ते आईला विचारा.

तिथे एका म्हाताऱ्याच्या चादरीवर ही केस पडली होती. शिशाचे खिळे गेले तेव्हा छापखान्यांनी असल्या केसा विकून टाकल्या, आणि सत्तरच्या दशकात इथे घरोघरी त्या भिंतीवर टांगून कप्प्याकप्प्यांत चिनीमातीच्या मांजरी नि इवलेसे लाकडी बूट ठेवायची टूम निघाली. आता मुलांना ते नको असतं. त्याने दहा सांगितले, मी सातला आणली. आपले सातशेच्या आसपास.

आणल्यावर तुमची आठवण ठेवून ती कोरडी झाडली नाही. शिशाची धूळ उडते ना. ओल्या फडक्याने, साबणाच्या पाण्याने तीनदा पुसली, फडकी टाकून दिली, पणतीला दोन दिवस जवळ फिरकू दिलं नाही. तुम्ही प्रेसमधून आल्यावर आधी कोपरापर्यंत हात घासायचात आणि मगच आम्हाला उचलून घ्यायचात, ते आठवत होतं. तेव्हा मला वाटायचं, आप्पांना घाणीचा फार तिटकारा.

पुसताना कळलं की कप्पे सारखे नाहीत. रोमन ‘ई’चा सगळ्यात मोठा, कारण इकडच्या प्रत्येक शब्दात तो, क्यू, एक्सचे बोटभर. मी त्यात काय ठेवलंय सांगू? ‘ई’च्या कप्प्यात आजीच्या भातुकलीतला पितळी बंब. बाकीच्यांत तिचं जोडवं, सहा सागरगोटे, भोकाचा पैसा, फुटलेल्या काचेच्या बांगडीचे तुकडे. अजून निम्मे कप्पे रिकामे आहेत.

बाकी घराचं थोडक्यात. एक लांब बुटकं कपाट घेतलं, साठच्या दशकातलं, सागवानी. जिना इतका उभा नि अरुंद की ते खिडकीतून चढवलं. जुन्या घरांना वर माथ्याशी त्यासाठीच तुळई आणि आकडा असतो. मी हौसेने घासायचं मशीन घेतलं आणि ऐंशी नंबरचा पॉलिश पेपर लावला. दोन मिनिटांत साग गायब, खाली भुशाची फळी! साग कागदाएवढाच जाड होता. तुम्ही म्हणायचात ना, आधी कड बघावी, मग हत्यार उचलावं. उरलेला भाग हाताने, दोनशेवीसने घासून जवसाचं तेल दिलं. (तेलाच्या चिंध्या बोळा करून ठेवल्या तर आपोआप पेट घेतात, म्हणून पसरून वाळवल्या.) कपाटाच्या त्या टकलावर आता देव बसवलेत, खाली निळी डच टाइल. जुनी आहे की नक्कल, ते कोपऱ्यात बघायचं म्हणे: टाइल कापताना फळीच्या खिळ्यांची बारीक भोकं पडत. माझ्या टाइलला दोन आहेत, म्हणजे मी आपलं अस्सल धरून चालते.

कांदे-बटाटे ठेवायला शेजारच्या आजींनी ट्यूलिपचे कंद वाळवायचा ट्रे दिला, तळाला जाळी असलेला. देताना म्हणाल्या, 1944-45च्या हिवाळ्यात, जर्मनांच्या ताब्यात असताना, त्यांच्या घरी हे कंदच शिजवून खाल्ले होते. नंतर बराच वेळ त्या माझ्या कांद्यांकडे बघत होत्या.

आता तुमच्यासाठी काम. आपली केस कशी लावलेली असायची, ते कागदावर काढून पाठवा. हाताशी काय असायचं, काना की र? जोडाक्षरं कुठे, वेलांट्या कुठे? आणि माळ्यावरच्या पत्र्याच्या डब्यात तुम्ही मूठभर खिळे ठेवले होते, ते असतील तर त्यातला एक ‘ळ’ द्या. इकडे तो कुणाकडेच नाही, जिभेवरही नाही. कागदात नीट गुंडाळून, पणतीच्या हाती न लागेल असा.

तब्येत जपा. कानाचं यंत्र लावत जा.

तुमची नात

ता. क. आईस: माझ्या जुन्या सुती साड्या बोहारणीला देऊ नकोस. मावशी जुलैत येतेय, तिच्या बॅगेत घाल आणि सोबत गोधडीची जाड सुई. इथली सुई तीन थरांतच मोडते.