सूचना : थिबा राजाच्या समाधिस्थळाची पदफेरी

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, येत्या रविवारी सकाळी ७ वाजता रत्नागिरीतील थिबा राजवाड्याच्या प्रवेशद्वारापासून थिबा राजाच्या समाधिस्थळापर्यंत माहितीपर पदफेरी निघेल.

ब्रह्मदेशाच्या या अखेरच्या राजाला इंग्रजांनी १८८५ साली मंडालेहून कैद करून नेले आणि पुढील वर्षी रत्नागिरीस आणून ठेवले. आज आपण ज्याला राजवाडा म्हणतो, ती वास्तू १९१० साली उभी राहिली, म्हणजे तोवर त्याच्या बंदिवासाची जवळपास २५ वर्षे उलटली होती. डिसेंबर १९१६ मध्ये त्याचे येथेच निधन झाले. परंतु त्याचा देह मायदेशी नेण्याची पट्टराणीची इच्छा सरकारने पुरी होऊ न दिल्यामुळे दफन थेट १९१९ साली, धाकट्या राणीच्या सोबत, याच गावात झाले. आपल्या गावाने एका परक्या राजाला अखेरची जागा दिली, याची जाणीव ठेवूनच तेथे जावे, असे मला मनापासून वाटते.

समाधीवर चढू नये, फुलांचे प्लास्टिक वेष्टन तेथे टाकू नये आणि माहिती सांगितली जात असताना शांतता राखावी. पाणी व टोपी सोबत आणावी. येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत गटावर नाव कळवावे.